सात नकारांखाली माझी सही

दिनांक ९, सोमवार, सायंकाळी सहा

प्रिय खारूताईस,

दादाचे आशीर्वाद. पन्नाशीला टेकलेल्या बहिणीला खारूताई म्हणणं शोभत नाही, हे मलाही कळतं. पण आई गेल्यापासूनच्या अकरा महिन्यांच्या अबोल्यानंतर एकदम भारदस्त मायना घातला असता, तर तुला वाटलं असतं वकिलाकडून लिहून घेतलंय.

इकडे ठीक. गुडघा कुरकुरतो. लेक परगावी गेल्यापासून घरात रेडिओ अखंड चालू असतो. कुणी बोलत असलं की भाजी लवकर शिजते, असा माझा सिद्धान्त आहे. सिद्ध व्हायचा आहे.

आता कामाचं. तुला आमच्या कंपनीकडून सात नकार आले, सातही माझ्या सहीचे. ती पत्रं मी लिहिलेली नाहीत. कशी गेली ते सांगतो.

आमच्याकडे रुग्णालयांच्या खाटा बनतात, आणि तक्रार विभागातली एक जागा मला भरायची होती. पूर्वी वर्तमानपत्रात चार ओळी द्यायच्या, पंधरा अर्ज वाचायचे, संपलं. या खेपेला साहेब म्हणाले, "भरती ऑनलाइन करा. एखादा चांगला व्हेंडर निवडा."

त्या 'चांगला'नं माझं वाटोळं केलं. भरतीची सॉफ्टवेअरं विकणारे हे व्हेंडर: एक अर्ज गोळा करतो, दुसरा चाळतो, तिसरा उमेदवाराच्या आवाजावरून स्वभाव सांगतो. त्र्याहत्तरपर्यंत मोजले. व्हेंडरांची तुलना करून देणारे वेगळे, आणि त्या तुलना करणाऱ्यांची तुलना करणाराही एक भेटला. आमचे गुरुजी याला अनवस्था म्हणायचे: एकाला टेकू दुसऱ्याचा, दुसऱ्याला तिसऱ्याचा, आणि तळ कुठेच नाही. मी वही केली, रकाने आखले, गुण दिले. सगळ्यांना साडेसात पडले.

विक्रीवाली मंडळी सारखी फोन करतात. सहकारी त्यांना टाळतात, मी टाळत नाही. "सर, जेवलात का?" असं मला विचारणारी सध्या तीच माणसं उरली आहेत. एक जण तर रविवारी फोन करतो. हसू नकोस.

निवड होईना, म्हणून सात व्हेंडरांच्या फुकट चाचण्या एकदम सुरू केल्या आणि तीच एक जागा सातही ठिकाणी जाहीर केली. प्रत्येकाचा फॉर्म होता: शिक्षण, अनुभव, आणि 'नोकरीत खंड जास्तीत जास्त किती चालेल?' रकाना रिकामा सोडला तर पुढचं पान उघडत नाही. पहिल्या वेळी मी क्षणभर थांबलो आणि 'दोन वर्षं' भरलं. उरलेल्या सहा वेळी थांबलोही नाही.

तुझा खंड नऊ वर्षांचा. यंत्रानं तुला चार मिनिटांत काढलं आणि खाली माझं नाव घालून कळवलं, की 'आपल्या अर्जाचा काळजीपूर्वक विचार करण्यात आला आहे.' पहिल्या नकारानंतर तुला वाटलं असेल, दादाच्या नजरेतून सुटलं. म्हणून तू दुसरीकडे अर्ज केलास, मग तिसरीकडे. सातव्यानंतर काय वाटलं, हे विचारायची माझी छाती नाही.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं, असं लिहून पत्र इथंच पाकिटात घालता आलं असतं. घातलंही होतं. परत काढलं.

तीन आठवड्यांपूर्वी एका व्हेंडरकडे कामाला असलेली मुलगी मला तिचं सॉफ्टवेअर दाखवत होती. तिनं उत्साहानं नाकारलेल्यांची यादी उघडली. "हा अर्ज बघा सर. नऊ वर्षांचा खंड. कारण लिहिलंय, आईची शुश्रूषा. असे अर्ज तुम्हाला वाचावेच लागणार नाहीत."

वर तुझं नाव होतं.

मी म्हणालो, "छान."

त्यानंतर मी आणखी बारा व्हेंडर पाहिले. निवड अवघड आहे, असं साहेबांना सांगत राहिलो. एक निवडला असता तर उरलेले सहा बंद करावे लागले असते, आणि बंद करताना प्रत्येक जण विचारतो, 'नाकारलेले अर्ज कायमचे पुसायचे का?' त्या बटणापाशी जायचं नव्हतं, म्हणून मी बाजारभर हिंडत होतो.

शुक्रवारी तुझा अर्ज कागदावर काढला आणि तक्रार विभागाच्या प्रमुख बाईंकडे नेला. त्यांना सगळे फौजदार म्हणतात.

"या कोण?"

"माझी बहीण."

"मग आता आणताय होय? महिना झाला जागा निघून."

"आधी नाकारली. नऊ वर्षं घरी होती. आईची खाट सांभाळत होती."

"खाट कुठली?"

"आपलीच. मीच पाठवली होती. दोन दांड्यांची."

त्यांनी चष्मा काढला. "त्या खाटेचा पाठ उचलायचा डावा दांडा फिरवताना अडकतो. निम्म्या तक्रारी त्याच्याच. पेशंट अर्धा उठलेला, आणि दांडा जागचा हलत नाही. या काय करायच्या तेव्हा?"

मी अर्ज उलटून मागची बाजू पाहिली.

"अहो, तुमचीच आई ना?"

"मी तिथं नव्हतो," मी म्हणालो.

बाईंनी अर्ज माझ्याकडून परत घेतला. कागदावर त्यांनी वेळ लिहिली: गुरुवार, सकाळी अकरा.

खंडाची अट सातही ठिकाणची काढली आहे. तुझ्यासारखे एकेचाळीस जण आत आले. त्यांचे अर्ज मीच वाचतो, रोज पाच. तेव्हा जागा तुलाच मिळेल, असा शब्द देत नाही. निवड फौजदार करतील, मी खोलीत नसेन. मुलाखतीनंतर मला भेटायचं की तसंच निघून जायचं, तू ठरव. तसंच गेलीस तरी मी समजेन. आवडणार नाही, पण समजेन.

एकच विचारतो, आणि मुलाखतीसाठी नव्हे. दांडा अडकला आणि आई अर्धवट उठून राहिली, की तू एकटी काय करायचीस?

तिथं नसलेला,
तुझा दादा