क्रेटचं झाकण

लोणी काळभोर,
संध्याकाळ

प्रिय अमीनभाई,

कॉन्व्हेंटच्या फाटकाशी मी मांजरीचं पिल्लू उचललं होतं, आठवतं? तुम्ही ते परत ठेवायला लावलंत. "आई येईल त्याची. लांब बस," म्हणालात.

आजही तेच करतेय, फक्त पिल्लू बिबट्याचं आहे. ऊसतोडीत सापडलं. शेतमालक मच्छिंद्र म्हणाला, "मॅडम, घिऊन जावा. आमची पोरं हायत हितं." पिल्लू नेलं तर मादी चवताळून इथंच फिरेल, हे त्याला कसंबसं पटलं. आजची रात्र दिलीय त्यानं.

पिल्लू क्रेटमध्ये आहे. झाकण दोरीनं लांबून ओढायचं होतं, पण दोरी उसात अडकली; आता जवळ जाऊन हातानंच उघडावं लागेल. मादी पलीकडेच गुरगुरतेय. जीप पुढे नेली तर ती पळून जाईल. वनरक्षक जाधव निघालाच होता, मी त्याला बसवलं. वनक्षेत्रपाल मी आहे, जायचं मीच. ती जरा मागे सरली की निघेन.

सुखरूप परतले तर हे पत्र पाठवणार नाही. तुम्ही उगाच रागवाल. नाहीतर अम्मीची शाल आपल्या धाकट्या सलीमाला द्या. माझी दुर्बीण जाधवला. आणि पिल्लू त्याच्या आईलाच, मच्छिंद्र काहीही म्हणाला तरी.

तुमची,
हुस्ना