मौद्याच्या तलावावरची पाखरं

बाबा, माझं बाळ जाऊन महिना झाला होता, तेव्हाच्या एका रविवारबद्दल लिहिते आहे. दिवाळी नुकतीच येऊन गेली होती, आपल्या घरात ती कोणी केली नव्हती. मी माहेरी येऊन स्वयंपाकघराच्या दाराशी बसून राहायचे. आई डाळ निवडायला द्यायची, मी निवडायचे. तुम्ही आठवडाभर गांधीबागेतल्या दुकानात कापड मोजायचात आणि रविवारी पाखरं बघायला जायचात, म्हणून गल्ली तुम्हाला हसायची. त्या सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून तुम्ही म्हणालात, "चाल वं, पाखरं आले." मी चपला घातल्या. नको म्हणायलाही अंगात काही लागतं, तेवढंही नव्हतं.

मौद्याला बसमधून उतरून आपण बांधाबांधानं तलावाकडे चाललो आहोत. बायका धान कापताहेत. पाण्याच्या कडेला राखाडी हंस उतरलेत, शंभर तरी असतील. दुर्बीण माझ्या हातात देऊन तुम्ही विचारता, "डोक्यावर दोन काळे पट्टे, दिसले काय तुले?" मी हो म्हणते. पट्टे दिसतात, पण त्यांचं मला काहीच होत नाही. तुम्ही मात्र रंगात येता. "हिमालय ओलांडून येतात हे. यंदाचे पिल्लंही संगं असतात. सगळेच काही पोचत नाहीत..." आणि तुम्ही एकदम थांबता.

बराच वेळ तुम्ही रुमालानं दुर्बिणीची काच पुसत राहिलात. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "मले बोलता येत नाही वं पोरी. घरी तुले काय म्हणू, समजत नाही. म्हणून इथं घेऊन आलो." तुमचा आवाज फाटला होता. मी तुमच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. मी म्हणाले, "बस चुकेल, बाबा." तुम्ही लगेच उठलात, धोतराची माती झटकलीत. परतताना खिडकीची जागा मला दिलीत. त्यानंतर पुन्हा कधी मला चल म्हणाला नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

आज मी तुमच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी आहे. हे पत्र घडी करून कपाटात साड्यांखाली ठेवीन, दुसरीकडे कुठे टाकणार? एक सांगायचं राहिलं. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नाही. आल्यागेल्यांना चहा दिला, आईला धरून बसले. सगळे म्हणाले, पोरगी मोठी धीराची. मी ते ऐकून घेतलं. धीर नव्हता, बाबा. मला काही वाटतच नव्हतं.