वसूसाठी मागितलेलं आयुष्य

१५ नोव्हेंबर १९८६, डहाणू रोड
बदलीच्या गावी आज हजर झालो आणि गाव एकदम पसंत पडलं. स्टेशनच्या पार्सल ऑफिसात चिकूच्या करंड्यांची ही चळत, खोलीच्या खिडकीतून वाडीची गार हवा. सोबतचे क्लार्क दर्शनभाई भारी बोलघेवडे, अर्धं मराठी, अर्धं गुजराती. त्यांनी वहिनी कधी येणार म्हणून विचारलं. येईल महिन्याभरात, म्हणालो. वसुमतीला जाऊन चार महिने झाले, हे पहिल्याच दिवशी कुठे सांगत बसायचं!

१६ नोव्हेंबर, रविवार
दर्शनभाईंनी झरी गावाच्या पलीकडची जुनी राजधानी दाखवली. कुठल्याशा संस्थानाचा कारभार इथून चालायचा म्हणे. राजवाडा पार गेला, चार देवळं तेवढी शाबूत आहेत. महादेवापुढे संकल्प सोडताना पुजाऱ्यांनी विचारलं, कुणाच्या दीर्घायुष्यासाठी? दर्शनभाई शेजारीच. मी वसूचं नाव सांगून हातावरून पाणी सोडलं. थापच ती, पण इतकं बरं वाटलं! कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

२३ नोव्हेंबर, रविवार
आज एकटाच गेलो. देवी आणि गणपती. दोन्हीकडे तिचंच नाव, तिलाच आयुष्य. अंगण झाडणाऱ्या म्हाताऱ्या बायजीने मंडळी कशी आहे विचारलं, तर का कोण जाणे, खरं सांगून टाकलं. तिचा झाडू थांबला. मेल्या माणसाला आयुष नाय मागायचा दादा, म्हणाली, देव देऊन टाकतो. मी हसण्यावारी नेलं.

२६ नोव्हेंबर
दुपारी जेवायला खोलीवर आलो, तर खाटेवर श्वासाची घरघर. तीच. वसूच्या फुप्फुसात पाणी झालं तेव्हा तीन आठवडे ऐकलेली. खाटेवर कोणी नव्हतं, गादी मात्र दबलेली होती.

२८ नोव्हेंबर
वसू आली. समोर, खाटेवर. आनंदाने रडलो. मग तिचे निळे पडलेले ओठ दिसले. मी आयुष्य मागितलं, दुखणं जावं हे मागितलंच नाही. हॉस्पिटलात म्हणायची तेच म्हणते— सोडा ना हो मला आता.

२९ नोव्हेंबर
बायजीकडे धावलो. ती म्हणाली, राहिलेल्या चौथ्या देवळात जायचं आणि बायको मेली, असं आपल्या तोंडाने देवाला सांगायचं. मग सुटेल ती. एवढंच करायचंय.

३० नोव्हेंबर, रविवार
गेलो. पुजाऱ्यांनी विचारलं. मेली म्हटलं की खाट रिकामी— पुन्हा ती खोली, पुन्हा मी एकटा— तोंड उघडलं— आणि दीर्घायुष्यच मागितलं. मीच. माझ्या या तोंडाने.

घरी आलोय. घरघर वाढलीय. डोळे पांढरे— झोपता येत नाही तिला— उठून बसलीय. माझ्यापुढे हात जोडतेय— वसू, नको गं, हात नको जोडूस— उद्या सांगतो देवाला— उद्या नक्की—