बारावी ओळ

मंगळवार, सकाळ

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे, ते आधीच विचारून घेतो. पुढे विचारायचा धीर राहील असं नाही.

दोन दिवस कानात एक जुना आवाज घुमतोय. कट्! भावजींच्या हातातला लांब पाना बोल्ट हवा तेवढा आवळला की असा वाजायचा. मग मी यादीवर खूण करायची आणि पुढची ओळ वाचायची.

कारखान्यात आमची जोडी होती, हे तुला ठाऊक आहे. काम कसं चालायचं ते बाहेर बोलायची बंदी होती. बिनखिडक्यांची खोली, मधे टेबल, त्यावर ते धूड. पाण्याच्या पिंपाएवढं, पण शहरच्या शहर गिळेल असं. मी वाचणारा, भावजी करणारे. मी ओळ मोठ्याने वाचायची, त्यांनी ती परत म्हणायची, मगच हात लावायचा. दोघं अशासाठी, की एकटा माणूस चुकतो.

आणि मी वाचायचो ते कसं? तुझ्या तालमीत तयार झालेलो! शाळेच्या कविता तूच पाठ करून घ्यायचीस, ओळ गाळली की टपली. भावजी हसायचे, "मेव्हणेबुवा, बॉम्ब वाचताय की कविता?"

खरंच कविताच होती गं. त्या दिवशी चौथीतली होडीची कविता मनात घोळत होती. तिचा ठेका यादीला लागला आणि मी वाहत गेलो.

भावजी थांबले. "अकरानंतर तेरा?"

"हो, तेरा."

"मग बारा कुठाय?"

"बारा झाला की."

त्यांनी पाना खाली ठेवला. बारावी ओळ होती, बॉम्ब अवेळी उडू नये म्हणून असते ती अटकावाची खीळ बसली का ते पाहण्याची. ती बसलेली नव्हती. ते शांतपणे म्हणाले, "मी रोज मोजत नाही हो. आज सहज मोजलं."

मग त्या धुडाकडे बघत म्हणाले, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. माणूस म्हटला की चुकणारच. पण जिथे चुकायची मुभाच नाही, ते काम माणसाने करूच नये. पलीकडच्या देशातही अशीच खोली असेल. तिथेही कुणी कवितावेडा वाचत असेल."

तसेच उठले आणि साहेबांकडे गेले. "आमच्या जोडीकडून चूक झाली. हे काम बंद करा," म्हणाले. माझं नाव घेतलं नाही.

पुढचं लिहिण्याआधी चहा ठेवून येतो.

आलो. मधे एक सांगू? मागच्या हिवाळ्यात वाचनालयात भावजी बॉम्बविरुद्ध बोलले, तेव्हा मी शेवटच्या रांगेत होतो. मफलर नाकापर्यंत ओढून. पंचवीस-तीस माणसं, त्यातली निम्मी उबेला आलेली. एक निवृत्त सैनिक उठून म्हणाला, "आजोबा, आपण अस्त्रं टाकून दिली आणि शेजाऱ्याने नाही टाकली, तर काय आरती ओवाळायची?" सगळे हसले. भावजीही हसले. म्हणाले, "एकट्याने टाका असं कोण म्हणतं? दोघांनी समोरासमोर बसून उघडायची. एकाने वाचायचं, दुसऱ्याने खोलायचं, मग उलट. जोडायला जमलं, ते सोडायला का जमू नये?" सैनिक खाली बसला तो विचारात पडूनच. ताई, मी आयुष्यभर सुंदर ओळी पाठ केल्या. त्या माणसाने साधी ओळ उच्चारली आणि तसा जगला. गावोगाव, एसटीच्या मागच्या बाकावर बसून, एकतीस वर्षं.

आता सांगतो.

साहेबांनी मला बोलावलं. समोर कागद तयारच होता. मी घाबरलो. नोकरी जाईल, चूक चव्हाट्यावर येईल. कागदावर लिहिलं होतं की करणाऱ्याच्या तोंडाला दारूचा वास होता. खाली मी सही केली.

ज्याने कधी थेंबाला स्पर्श केला नाही, त्याच्याबद्दल!

तू रुसलीस ती मी त्या नोकरीत टिकून राहिलो म्हणून. रुसावं असं खरं कारण तुला माहीतच नाही. भावजींना आहे. सही त्यांना दाखवली होती. त्यांनी तुला सांगितलं नाही, कारण तुला एकच भाऊ आहे.

शुक्रवारी ते चौकशी समितीपुढे कारखाना बंद करा असं सांगणार, आणि परवाच्या पेपरात तो कागद छापून आलाय: ‘दारूपायी हाकललेला कामगार’. साक्षीदाराचं नाव खोडलंय. तो कागद खोटा आहे हे सांगू शकणारा मी एकटाच उरलोय. मी जाणार आहे. सांगेन की चूक माझी होती, मी ती लपवली, आणि कारखान्याला ती लपलेलीच हवी होती. तो बंद करायला याहून मोठं कारण मला तरी सुचत नाही.

क्षमा शुक्रवारनंतर मागेन. आज मागायची लायकी नाही.

तुझा, अजून म्हणवत असेल तर,
भाऊ

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात जिन्यात कुणीतरी थांबत थांबत वर येताना ऐकू आलं. दाराच्या भिंगातून पाहिलं. तू आहेस. एकटीच. एका हाताने कठडा धरलायस, दुसऱ्या हातात परवाचा पेपर आहे. एकतीस वर्षांनी आलीस. पत्र टेबलावरच ठेवतो. दार उघडतो, आणि हे सगळं तोंडाने सांगतो.