दारावर ह्यांची पाटी

४ फेब्रुवारी, सकाळ

किल्ल्यावरच्या वाऱ्यात चादरीची घडी घालणं हे दोघांचं काम. दोन टोकं माझ्याकडे, दोन ह्यांच्याकडे. रात्रपाळी करून आलेले हे अर्धे झोपेत. झुळूक आली की ह्यांची टोकं निसटायची आणि चादर माझ्या तोंडावर. सोडली नाही, सुटली, असं ह्यांचं ठरलेलं उत्तर. मी चिडायची, मग दोघं हसायचो.

आज पेपरात वाचलं की किल्ल्यावरच्या जुन्या बिनतारी केंद्रात लोकजीवनाचं संग्रहालय झालंय. आमचा संसार झाला ती खोली आता लोक तिकीट काढून बघणार. ह्यांनी ऐन उमेदीची वर्षं तिथे कानाला हेडफोन लावून घालवली. दारावर त्यांच्या नावाची पाटी नको?

संकल्प : रोज जिना चढून गुडघे तयार करणे. साखर बंद. महिनाअखेर पाटी.

७ फेब्रुवारी

जिना उतरले. वर येताना लिफ्ट घेतली. उतरणं हाही व्यायामच. डॉक्टरांना विचारलं असतं, पण ते उगाच नाही म्हणतात.

१२ फेब्रुवारी

जाऊन आले. संग्रहालयाच्या बसने. पहिल्याच दिवशी शरीराला धक्का नको.

आमची खोली पाहताक्षणी ओळखली. डोळे भरून आले. तिथे 'जुन्या काळचं स्वयंपाकघर' मांडलंय. चुलीपुढे मेणाची एक बाई बसवलीय. पाठीला केवढा बाक! आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी तिला रूळ दाखवून सरळ केलं असतं.

खिडकी फार लहान वाटली. अर्धी बुजवली असणार. दार उजवीकडे होतं ते डावीकडे गेलंय. सरकारी दुरुस्ती, दुसरं काय. पण चौकटीवरच्या खाचा तशाच आहेत! दर वाढदिवसाला चिरंजीवांना तिथे उभं करून हे चाकूने उंचीची खूण करायचे. हात फिरवत राहिले. रखवालदार म्हणाला, वस्तूंना हात लावू नका. त्याला सांगितलं, बाबा रे, ही वस्तू नाही, माझा मुलगा आहे.

१३ फेब्रुवारी

चिरंजीवांना खाचांचा फोटो पाठवला. त्याचं म्हणणं, वरची खाच बाबांच्याही डोक्यावरून जाते, आणि किल्ला सोडला तेव्हा मी बालवाडीत होतो. जमीन खचते, एवढं त्याला इंजिनिअर असून कळू नये!

२० फेब्रुवारी

संग्रहालयाच्या मॅडमना भेटले. मुलगीच आहे. गोड बोलते. म्हणाली, जुन्या नकाशात त्या खोलीवर 'कोठार' लिहिलंय. नकाशे काढणारे तिथे राहिले होते का? हे मी विचारलं, पण हसून. तिने मला आजी म्हटलं. मनाला लावून घ्यायचं नाही.

निघताना म्हणाली, त्या वेळी तिथे राहिलेलं आणखी कोणी असेल तर घेऊन या, मग पाटीचं बघू. म्हणजे पाटी ठरलीच.

२६ फेब्रुवारी

मजकूर लिहायला बसले. ह्यांच्याबद्दल दोन ओळी हव्या होत्या. पान भरलं, आणि बहुतेक तक्रारीच निघाल्या. पुन्हा लिहायला हवं.

खोलीत मांडायचं सामान काढून ठेवलं. ह्यांचा हेडफोन, रेनकोट, रॉकेलचा स्टोव्ह, निळा टी-सेट. मेणाच्या बाईला उठवून हे मांडलं की खोली बोलायला लागेल. सूनबाई म्हणाली, स्टोव्ह तिला बाल्कनीत कुंडी ठेवायला हवा होता.

साखर : आज खाल्ली. दिवस भावनिक होता.

५ मार्च

साक्षीदार मिळाल्या. शेजारच्या क्वार्टरमधल्या वहिनी. आमची भिंतीला भिंत होती. फोनवर आधी त्यांना वाटलं की मी केव्हाच गेले. नाही म्हटल्यावर जरा हिरमुसल्या. कंबरेला पट्टा आहे, पण येते म्हणाल्या. जीभ पहिल्यापासून तिखट, पण बाई कधी खोटं बोलल्या नाहीत. मॅडमना तेवढंच हवंय.

११ मार्च, संध्याकाळ

वहिनी आल्या. खोलीत काठी टेकून उभ्या राहिल्या. छत पाहिलं, खिडकी पाहिली, मेणाच्या बाईलाही न्याहाळलं. मॅडम वही उघडून तयार. मी म्हटलं, सांगा ना वहिनी, आमची खोली.

"अगं वेडे, ही जनरेटरच्या डिझेलची खोली. इथे स्टोव्ह पेटवला असतास तर किल्लाच उडाला असता."

आणि खाचा? डिझेलचे डबे आले की ड्युटीवरचा माणूस मोजणीसाठी एकेक खाच मारायचा. त्यातल्या काही तुझ्या नवऱ्यानेही मारल्या असतील, असं म्हणाल्या. ही त्यांची समजूत घालायची पद्धत.

मग बाहेर येऊन त्यांनी काठीने दाखवलं. दोन्ही क्वार्टर पाडलेत. तिथे आता लेडीज टॉयलेट आहे. दारात रांग होती. वहिनी म्हणाल्या, आलोच आहोत तर जाऊन येऊ.

रांगेत उभ्या राहिलो. आत गुलाबी टाइल्स आहेत. बेसिन आहे तिथे आमचा पलंग होता, असं वहिनींनी हात धुता धुता सांगितलं. मॅडम बाहेर माझी टी-सेटची पिशवी धरून उभी होती. पाटीचा विषय तिने काढला नाही. मीही नाही.

१२ मार्च

वहिनींचं वय झालंय. चूक होऊ शकते.

जुना फोटो काढला. हे दारात उभे, मागे झेंड्याचा बुरूज. काल टॉयलेटच्या दारातून तो अगदी असाच दिसत होता. फोटो परत ठेवला.

म्हणजे मी डिझेलचे डबे कुरवाळत होते. त्याचं काही नाही. पण आता डोळे मिटून आमची खोली आठवायला गेले की ती येत नाही. ती मेणाची बाई येते.

१५ मार्च

सामान परत कपाटात जाणार नाही. जिना बंद. साखर चालू.

स्टोव्ह सूनबाईला. गंज घासून घ्यावा, मग खुशाल कुंडी ठेवावी.

रेनकोट बिल्डिंगच्या वॉचमनला. बाह्या लांब पडतील, दुमडाव्यात. हेही दुमडायचे.

टी-सेट वहिनींना. एका कपाचा कान गेलाय, हे आधीच सांगावं. नाहीतर फोन येईल.

हेडफोन चिरंजीवांना. ठेवायला जागा नाही म्हणाला तर लगेच परत घेऊ नये. थोडा वेळ त्याच्या हातात राहू द्यावा.

पाटीचा मजकूर कोणालाच नाही. तक्रारी घरातच राहाव्यात.

संग्रहालयाच्या मॅडमना साबण, दर महिन्याला, चांगल्यातला. त्या बेसिनवर नव्हता. माझ्या घरी आलेल्या माणसाने आजवर साबणाशिवाय हात धुतले नाहीत.