गाडी पूर्ण आली

२ नोव्हेंबर
पोचलो! खोली स्टेशनाच्या मागेच आहे. एक खाट, एक खुर्ची, आणि खिडकी उघडली की थेट रूळ. रूळ इतके जवळजवळ की त्यांवर आडवे झोपले तर डोके एकीकडे आणि पाय दुसरीकडे लोंबतील. वाफेचे छोटे इंजिन, त्यामागे चार डबे, आणि आत बसून पोरांसारखे हात हलवणारे मोठमोठे लोक. मीही हलवला.

माझी शाळा नववीत सुटली, ऱ्हस्व-दीर्घ मात्र सुटले नाही. इथल्या स्टेशनमास्तरांनी अर्ज पाहिला आणि म्हणाले, अक्षर तर मोत्यासारखे आहे, डोके कसे आहे ते हळूहळू कळेल. कामे दोन. एक, गाड्यांचे रजिस्टर. दुसरे, येत्या अठ्ठावीसला या मार्गाला शंभर वर्षे होतात, त्यासाठी मोठ्या फळ्यावर त्याचा इतिहास लिहायचा. दोन्ही नीट पार पडले तर त्याच दिवशी मला कायम करणार.

निघताना दाजी म्हणाले होते, महिनाभरात गाशा गुंडाळून परत येशील. ताईने फक्त डबा बांधून दिला. या वेळी तिच्यासाठी तरी टिकायचे.

४ नोव्हेंबर
काम समजले. रूळ एकच, मधे लांब बोगदा. सकाळी दोन गाड्या पाठोपाठ वर येतात. पहिली आली की तिच्या शेवटच्या डब्यामागची लाल पाटी आपल्या डोळ्यांनी पाहायची. पाटी दिसली म्हणजे वाटेत काही सुटून राहिले नाही. मग रजिस्टरात ‘गाडी पूर्ण आली’, वेळ आणि सही. मग खाली फोन. फोन गेल्यावरच खालचे दुसरी गाडी सोडतात.

आज पहिली १०.४६ ला आली, दुसरी ११.०७ ला. पाटी पाहिली, लिहिले. मास्तर वाचून हसले.

फलाटावरच्या बाकावर एक म्हातारे रोज येऊन बसतात. पूर्वी इथेच गार्ड होते, म्हणून सगळे त्यांना गार्डकाका म्हणतात. गाडी आली की ते बोटांवर डबे मोजतात आणि मोठ्याने पाच म्हणतात. डबे चारच असतात. ड्रायव्हर म्हणतो, काकांचा वरचा एक डबा कधीच घसरला आहे.

७ नोव्हेंबर
इतिहासासाठी जुनी रजिस्टरे काढली. पहिली गाडी १०.४० ला, दुसरी ११.०१ ला. दुसऱ्या दिवशी तेच. पुढच्या वर्षी तेच. चाळीस वर्षांत एक मिनिट इकडे-तिकडे नाही. वाफेची गाडी, उभी चढण, आणि एक मिनिट उशीर नाही?

मास्तरांना विचारले. त्यांनी लपवले नाही. म्हणाले, अरे शहाण्या, दिवसाच्या नोंदी सकाळी चहाबरोबरच लिहून टाकायच्या. गाडी आली की गर्दी अंगावर येते, तेव्हा पाट्या कोण बघत बसणार? इंजिनाने बोगद्याबाहेर शिट्टी दिली की फोन करायचा, संपले. तूही तसेच कर.

मी नम्रपणे सांगितले, की पाहिल्यावरच लिहीन. ते तितक्याच नम्रपणे म्हणाले, मग अठ्ठावीसनंतर घरी बसून पाहा.

१० नोव्हेंबर
आज गार्डकाकांनी स्वतःहून जवळ बसवून घेतले. चौतीस वर्षांपूर्वी गाडीला पाच डबे असत. एका सकाळी बोगद्यात शेवटच्या डब्याचा जोड तुटला. इंजिनाला कळलेही नाही. काकांनी हातब्रेक आवळून डबा धरला, डब्याच्या पुढच्या टोकाला बाहेरून असलेल्या गार्डच्या पायरीवरून उतरले आणि भिंतीला घासत वर स्टेशनाकडे पळाले. आतल्यांना उतरता येईना, कारण बोगद्यात दार आणि भिंत यांमध्ये एक वीत जागा. काका वर पोचले तेव्हा रजिस्टरात ‘गाडी पूर्ण आली’ लिहिलेले होते आणि फोनही गेला होता. दुसरी गाडी निघाली होती.

एकोणीस माणसे.

ठपका काकांवर आला. ब्रेक नीट लावला नाही, म्हणे. मी विचारले, रजिस्टर कोणी लिहिले होते? काकांनी तिकीटखिडकीकडे हनुवटी उचलली. मास्तर तेव्हा माझ्या जागेवर होते.

त्या वर्षीचे रजिस्टर उघडले. १०.४०. सुंदर, सावकाश अक्षर.

१३ नोव्हेंबर
ताईचा फोन आला. दाजी चारचौघांत विचारतात म्हणे, आला का आपला साहेब परत? ती हसून सांगत होती. मला ते हसणे ओळखू येते.

आज सकाळी चहाबरोबर दोन्ही नोंदी लिहिल्या. शुद्धलेखन बरोबर आहे.

गाडी आली. मी मोजले. पाच.

१४ नोव्हेंबर
पुन्हा पाच. शेवटचा तपकिरी आहे, खिडक्यांना काचा नाहीत. आत माणसे दाटीवाटीने बसलेली. कोणी हात हलवत नाही. कोणी उतरत नाही. सगळ्यांची तोंडे माझ्या टेबलाकडे.

बाकावरून काकांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, तूपण लिहिलेस ना?

१७ नोव्हेंबर
आज एक गोष्ट लक्षात आली. गाडी येताना मास्तर कधीच तिच्याकडे पाहत नाहीत. किल्ल्या शोधतात, बुटाची नाडी बांधतात. त्यांना म्हणालो, मला पाच डबे दिसतात. ते नाडी बांधत राहिले. खाली मान घालूनच म्हणाले, पाहायचे नाही. सवय होते.

ठरवले, उद्यापासून पाहूनच लिहीन.

१८ नोव्हेंबर
सकाळीच लिहिले. मला कायम केल्याचा कागद टाइप होऊन आला आहे. मास्तरांनी दाखवला आणि परत ड्रॉवरमध्ये ठेवला.

२२ नोव्हेंबर
फळा पूर्ण झाला. शेवटची ओळ मास्तरांनी सांगितली: ‘शंभर वर्षांत या मार्गावर एकही अपघात घडलेला नाही.’ लिहिली. एकही चूक नाही.

काकांनी येऊन सगळा फळा वाचला. मला वाटले शिव्या देतील. ते म्हणाले, अक्षर छान आहे हो. आणि गाडी यायच्या आधीच घरी गेले.

२५ नोव्हेंबर
काका येत नाहीत. आता मोजायला मी एकटाच. आतली एक बाई रोज थोडी सरकते. शेजारी जागा करते आहे—

२७ नोव्हेंबर
फळा चौकट बसवायला खाली पाठवला आहे. उद्या पहाटे चालत खाली जायचे आणि पहिल्या गाडीच्या शेवटच्या डब्यातून तो घेऊन यायचे. मी म्हणालो, दुसऱ्या कोणाला पाठवा. मास्तर म्हणाले, वर आलास की कागद तुझा. जाण्याआधी उद्याच्या दोन्ही नोंदी माझ्याकडूनच लिहून घेतल्या. मोत्यासारख्या.

२८ नोव्हेंबर
१०.१८. खालचे स्टेशन. बाहेरून दोनदा मोजले. चार. चौथ्यात बसलो आहे. मी आणि फळा. बाकावर मऊ गादी. उगाच घाबरलो.

१०.३१. बोगदा. हिसका बसला. थांबलो. इंजिनाचा आवाज पुढे जातो आहे. पुढे— आमच्याशिवाय.

दिवा लावला. बाकावर गादी नाही. नुसते लाकूड. खिडकीला काच नाही.

दार ढकलले. एक वीत. हात जातो, खांदा जात नाही.

१०.३८. वर शिट्टी. इंजिन बाहेर पडले. आता मास्तर फोन उचलतील. पाहणार नाहीत. पाहायची गरजच नाही— रजिस्टरात माझी सही आहे.

ओरडलो. ओरडणे परत आले.

१०.४१. खालून शिट्टी. दुसरी सुटली. खालून इथवर अकरा मिनिटे. मीच मोजून लिहिली आहेत, फळ्यावर, चौथ्या ओळीत.

डबा भरला आहे. कोणी चढले नाही तरी. ती बाई सरकली. मी बसलो.

ते सगळे फळा वाचत आहेत. शेवटच्या ओळीशी थांबले.

१०.४९. रूळ थरथरतात. पेन्सिलीने ती ओळ खोडली. खाली लिहिले: एकोणीस माणसे. बाईने मान हलवली. नाही म्हणाली. बोट माझ्याकडे—

बरोबर. चूक झाली. दुरुस्त करतो. वी