डावी बाजू बेसूर

३ फेब्रुवारी
सर्दी गेली. डाव्या कानाला थोडा दडा बसलाय, पण चालेल. कार्यक्रम अठ्ठावीसला. सत्तावीस वर्षं हा गायकवृंद मी बांधलाय. यंदा एक सूर हलता कामा नये. निश्चय: कुणावर ओरडायचं नाही.

४ फेब्रुवारी
ओरडलो. दोन बाकं समोरासमोर, एकेकावर सहा जण. मी मधून चालत ऐकतो. डावं बाक सगळं उतरलेलं. मेव्हण्याला विचारलं, गळा आहे की गंजलेली कडी? भावोजी, मी अजून तोंडच उघडलं नाही, म्हणाला. उद्धट.

६ फेब्रुवारी
बाकांवरची माणसं आपसांत बदलली. परवाचे बेसूर आज सुरात. परवाचे सुरातले आज बेसूर. म्हणजे दोष बाकात. सुताराला बोलावलं. त्याने बाक ठोकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. निरुपयोगी माणूस.

९ फेब्रुवारी, सायं. ७.४०
उलगडा झाला. दारापासून खिडकीकडे जाताना डावं बाक उतरतं. परत फिरलो की ते सुधारतं आणि समोरचं बिघडतं. मी वळायचीच वाट बघतात. खूण कोण करतं ते अजून सापडलं नाही. बारा जण एका क्षणात सूर बदलतात. ही शिस्त गाताना कुठे जाते?

१२ फेब्रुवारी
मेव्हण्याला काढलं. शिंपीणबाईंना काढलं, त्या रडल्या, तेही बेसूर. बायको म्हणते, कान दाखवून या. ती स्वतः उजव्या बाकावर आहे. म्हणजे निम्मा वेळ तीही सामील.

१५ फेब्रुवारी
टेलिफोनही बिघडलाय. उजव्या कानाला ठीक, डाव्याला नेला की उतरतो. कंपनीला कडक पत्र.

१९ फेब्रुवारी
कानाची डॉक्टर. पोरसवदा. एकेका कानात सूर वाजवला. डावा पाव सुराने खाली, मी तत्काळ सांगितलं. ती म्हणाली, दोन्हीकडे एकच होता. सूर मेंदू ठरवतो म्हणे. डाव्या कानाकडून चुकीची खबर जाते आणि तो ती खरी मानतो. बरं होईल का, तर होईल किंवा नाही होणार. यंत्र दुरुस्त करून घ्या, असं सुनावून उठलो.

घरी बायको शांतपणे म्हणाली, “तुम्ही बारा माणसं खोटी ठरवलीत. एक कान खोटा ठरवायला काय जातं तुमचं?”

वाद घालत बसायला वेळ नाही.

२१ फेब्रुवारी
तालमीला कुणी आलं नाही. सगळे आमच्याच स्वयंपाकघरात, काढलेले दोघेही. बायको शिकवते. मी खोलीचं दार लावून घेतलं. दारातूनही उतरलेले. बघू अठ्ठावीसला. तोंडघशी पडतील.

२८ फेब्रुवारी
मी शेवटच्या रांगेत, वही घेऊन. पहिल्या गाण्यात सतरा चुका टिपल्या.

दुसऱ्या गाण्याला डाव्या कानात बोट घातलं. निव्वळ तुलनेसाठी. चुका थांबल्या. मेव्हणा एकटा गायला, तोही सुरात.

उरलेली सगळी गाणी तसाच बसलो. शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बायकोने वाकून नमस्कार केला आणि शेवटच्या रांगेकडे पाहिलं.

मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत. बोट अजून कानातच होतं.